ओल लागलेल्या जुन्या वह्या मोबाईलवर कशा उतरवायच्या
पंचवटीतल्या वाड्यात माळ्यावरच्या मोडी लिपीतल्या (जुनी, जोडून लिहायची मराठी लिपी) वह्या दर पावसाळ्यात ओल खातात, आणि स्कॅनरवर दाबल्या की शिवण उसवते. त्यापेक्षा मोबाईलने फोटो काढा:

१. खिडकीजवळ, थेट ऊन नको, फ्लॅश बंद. दोन उंच डब्यांवर फळी टाका आणि मोबाईल असा ठेवा की कॅमेरा फळीच्या बाहेर, खाली ठेवलेल्या वहीवर येईल, मग हात हलत नाही, सगळी पानं सरळ येतात. वहीशेजारी मोजपट्टी ठेवा, आकार कळतो.
२. फाईलला नाव त्याच दिवशी द्या, वही०१_पान००१ असं, नंतर करू म्हटलं की राहतंच.
३. ३ कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच, नाहीतर मोडीची बारीक वळणं पुसट होतात.

चिकटलेली पानं ओढू नका, सेलोटेप तर अजिबात नको.