सही करण्याआधी चोवीस अक्षरं

अथेन्सला आल्यावर सिम, मेट्रोचं कार्ड, घर, सगळं इंग्रजीवर निभावतं. म्हणूनच आपली माणसं ग्रीक लिपी पुढे ढकलतात. पाच-पाच वर्षं राहूनही पाटी वाचता न येणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. अक्षरं २४च आहेत. रोज अर्धा तास दिलात तर पंधरवड्यात पाट्या लागायला लागतात.

इंजिनिअरिंग झालेल्यांना ही अक्षरं ओळखीची वाटतात आणि घोळ तिथेच होतो. आपला बीटा इथे ‘वीता’, उच्चार व. पाय म्हणजे ‘पी’, म्यू म्हणजे ‘मी’. इंग्रजी पीसारखं दिसतं ते र, मोठ्या एचसारखं दिसतं ते ई, छोट्या व्हीसारखं दिसतं ते न. हातानं लिहिताना या न चं टोक खाली नीट टोकदार काढा. गोल झालं की ते इप्सिलोन होतं आणि ई वाचलं जातं.

ब ला स्वतंत्र अक्षर नाही. मी आणि पी शेजारी लिहिले की ब. नी (वरचं न) आणि ताफ (म्हणजे त) मिळून द. हे मला ठाऊक नव्हतं. माझं आडनाव ब पासून सुरू होतं. इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी जन्माचा आणि लग्नाचा दाखला दोन वेगळ्या ठिकाणी भाषांतराला दिला, वाचता येत नव्हतं म्हणून न पाहताच घेतला. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं: इथे व, इथे ब, ही दोन वेगळी माणसं. भाषांतर पुन्हा, फी पुन्हा, आणि तीन महिने परवाना नाही. त्याच तीन महिन्यांत बाबा आजारी पडले आणि मला घरी जाता आलं नाही. म्हणून सांगते, भाषांतर ताब्यात घेताना तिथेच उभं राहून आपलं नाव एकेक अक्षर लावून वाचा. पहिल्या कागदावर जसं लिहिलंय त्याचा फोटो ठेवा आणि पुढच्या प्रत्येकाला तोच दाखवा. आईवडिलांची नावंसुद्धा तपासा.

उच्चारात प, त, क आपल्याला फुकट मिळतात. ‘थीता’ मात्र आपला थ नाही, जीभ दातांमध्ये यायला हवी. ‘फी’ला वरचे दात ओठावर टेकवा.

ई सहा तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे ऐकून शुद्धलेखन जमत नाही, शब्द पाठच करावे लागतात. १९८२ पासून आघाताची एकच खूण उरली आहे, ती गाळू नका: ‘पोते’मध्ये पो वर जोर दिला तर ‘कधी?’, ते वर दिला तर ‘कधीच नाही’. सगळा शब्द मोठ्या अक्षरांत असेल तर ही खूण लावत नाहीत. प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं.

बोलायला अथेन्सजवळच्या मॅरेथॉन गावाकडे शेतात राबणाऱ्या पंजाबी लोकांकडून शिका; ते चुकायला घाबरत नाहीत. आणि ग्रीक माणूस तुमचं अडखळणं थांबून ऐकतो.

सरावाला दारांवर चिकटवलेले ‘एनिकिआझेते’चे कागद घ्या, म्हणजे ‘भाड्याने देणे आहे’. त्यात ओमिक्रोन-योता मिळून ई आणि आल्फा-योता मिळून ए, दोन्ही एकाच शब्दात सापडतात.