कपाटात अडकलेला पैसा

सोलापुरात घरोघरी चादरींची चवड असते: लग्नात आलेल्या, आहेरासाठी ठेवलेल्या. ऐन लग्नसराईत हवी ती सापडत नाही, मग नवी आणली जाते. पसारा असाच खिसा कापतो.

आवरायला सुरुवात माळ्यापासून नको, पहिल्याच दिवशी दमछाक होते. स्वयंपाकघरातलं एकच फडताळ घ्या, अर्धा तास पुरे. सगळे डबे खाली काढा. शेंगदाण्याचा कूट हुंगून बघा. खवट वास आला तर सरळ टाका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, त्या उष्णतेत दाण्यातलं तेल लवकर खवट होतं. कूट आठवड्यापुरताच करा. जुन्या ज्वारीवर नवी ओतू नका, तळातले किडे नव्या धान्यातही पसरतात. किराण्याची यादी डबे बघूनच करायची, आठवणीवर नाही.

मग चादरी. मोजा, सावलीत वाऱ्यावर पसरा, घडी घालून आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

वीजबिल, विम्याचे कागद, किल्ल्या यांना एकच ठरलेली जागा द्या. मुदत चुकून बसणारा दंड टळतो, आणि सकाळी किल्लीवरून होणारी चिडचिडही. ती रोजची चिडचिड माणसाला फार थकवते.