मेळ्यासाठी शिवलेल्या वस्तू निवडताना

हस्तकला मेळ्यात टेबल घ्यायचे ठरले की शिवणारा माणूस सर्वप्रथम आपल्या आवडीच्या वस्तू डोळ्यांपुढे आणतो. निवडीची सुरुवात मात्र वेगळ्या प्रश्नाने करावी: ही वस्तू एकदा छान जमली हे खरे, पण तिचा विसावा नगही तितकाच नेटका उतरेल का? गिऱ्हाईक आपला सर्वांत सुबक नग शोधत बसत नाही. हाताशी येईल तो उचलते आणि त्याच एका नगावरून सगळ्या टेबलाविषयी मत बनवते. म्हणून ज्या वस्तूत हात बसलेला आहे तीच यादीत घ्यावी, आणि जी अजून शिकण्याच्या टप्प्यात आहे ती कितीही मोहक असली तरी पुढच्या वेळेसाठी ठेवावी.

यानंतर वेळ मोजावा. मनात असलेल्या प्रत्येक वस्तूचे दोन-तीन नग सलग शिवावेत आणि फक्त मशीनवरचा वेळ न धरता कापड बेतणे, कापणे, इस्त्री, चेन लावणे, कोपरे काढून उलटवणे आणि दोऱ्याची टोके कापणे हे सगळे त्यात मिळवावे; बहुतेकांच्या हिशेबातून नेमकी ही शेवटची कामे निसटतात. कापड, अस्तर, दोरा, चेन आणि टेबलाचे भाडे यांचा वाटा काढून त्यात या वेळेचा मोबदला घातल्यावर जी किंमत येते, ती गिऱ्हाइकाला न अडखळता सांगता आली पाहिजे. सांगताना जीभ अडखळत असेल, तर वस्तू सोपी करावी किंवा वगळावी. स्वतःची मजुरी कापून किंमत खाली आणणे हा उपाय मला मान्य नाही, कारण त्याने शेजारच्या टेबलावर प्रामाणिक किंमत लावून बसलेल्या कारागिराचेही नुकसान होते. हाताने टाके घातलेली मोठी गोधडी या कसोटीवर बहुधा मागे पडते. ती एखादी मागे टांगावी, तिच्यावर मागणी नोंदवून घ्यावी, पण टेबलाचा भार तिच्यावर टाकू नये.

प्रकार थोडे आणि रंग भरपूर, हे सूत्र पहिल्या मेळ्यासाठी उत्तम. पाच-सहा प्रकार ठरवले की कागदी नमुने पक्के होतात, एकाच बैठकीत दहा नगांचे कापड कापून ठेवता येते आणि हाताला लय सापडते. शिवाय आवडलेल्या पाऊचचा निळा रंग आहे का, या प्रश्नाला उत्तर देता येते. त्यांत सहज उचलावी अशी एक छोटी वस्तू, भेट म्हणून देता येईल अशी एक मध्यम आणि पूर्ण कसब दाखवणारी एक मोठी असावी.

चेनचा पाऊच जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत असतो, म्हणून त्याच्याकडे बारकाईने पाहू. गिऱ्हाईक तो हातात घेते, चेन उघडते, आत बोट घालते आणि चेन जिथे संपते त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवते. तिथे बाहेरचे कापड, अस्तर, बकरम (कापडाला ताठपणा देणारा थर) आणि चेनची पट्टी असे सगळे थर एकत्र येतात. ते कातरून पातळ केले नाहीत तर कोपरा गोळा होऊन आत ओढला जातो. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाची छोटी पट्टी लावली आणि ती पट्टी बाजूच्या शिवणीच्या किंचित आत थांबवली, तर कोपरा चौकोनी उतरतो. चिकटवायचे बकरम शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, न घेता आतल्या मापानेच कापावे, आणि इस्त्री न सरकवता दाबून धरावी, म्हणजे पुढे फुगे येत नाहीत. शेवटी रनर दहा-वीस वेळा मागेपुढे करून पाहावा. अस्तर त्यात अडकत असेल तर चेनलगत वरून एक टीप मारल्याशिवाय तो नग टेबलावर जाऊ नये.

हातपिशवीचा प्रश्न बंदांचा, म्हणजे ती धरायच्या पट्ट्यांचा, असतो. बंद चौकोनी टीप मारून मध्ये फुली देऊन पक्के करावेत, दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, जाड कापडाला 100 नंबरची सुई लावावी आणि नमुन्याची पिशवी पुस्तकांनी भरून रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी शिवण ताणलेली दिसली तर बंद जोडण्याची रीतच बदलायला हवी.

मापाशी बांधलेल्या वस्तूंबाबत सावध असावे. वहीचे कव्हर चालते, कारण ए-5 वही कुठेही 14.8 गुणिले 21 सेंटीमीटरचीच असते, आणि जाडीसाठी थोडी सैल जागा ठेवली की काम होते. अंगावरचे कपडे मात्र पहिल्या यादीत नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे: प्रत्येक मापाचे नग ठेवावे लागतात, घालून पाहायला आडोसा लागतो आणि नेमके हवे ते माप आधी संपते.

कापड निवडताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आणि नग यांचा मेळ घालावा. 110 सेंटीमीटर पन्ह्यात 24 सेंटीमीटर रुंदीचे चार तुकडे बसून 14 सेंटीमीटरची पट्टी उरते, आणि ती बंदांना किंवा अडकवायच्या फाशांना पुरते. तोच तुकडा 28 सेंटीमीटरचा ठेवला की तीनच बसतात. चार सेंटीमीटरच्या हौसेपायी नगाची किंमत वाढते. सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे, कारण न धुतलेले सूत सहज तीन ते पाच टक्के आटते आणि अस्तर वेगळ्या प्रमाणात आटले तर पहिल्या धुण्यातच पाऊच सुरकुततो. गडद रंगावर ओला पांढरा फडका चोळून पाहावा; रंग लागला तर ते कापड फिक्या अस्तराबरोबर वापरू नये.

काही वस्तू सुरक्षेच्या दृष्टीने वेगळ्या काढाव्या लागतात. गरम भांडी धरायच्या जाड फडक्यात पॉलिएस्टरचे भरण घालू नये, ते उष्णतेने वितळते. सुती भरण आणि सुती दोराच हवा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याला बटणाचे डोळे लावू नयेत, ते भरतकामानेच काढावेत, आणि खेळणी विकायचीच असतील तर आधी नियम पाहावेत, कारण अनेक देशांत हाताने शिवलेल्या खेळण्यालाही सुरक्षा चाचणी लागू होते. प्रसिद्ध कार्टून छापलेले कापड विकत मिळते म्हणून त्याच्या वस्तू करून विकण्याची मुभा आपोआप मिळत नाही. साधी फुले, रेघा, ठिपके घेतले की हा प्रश्नच उरत नाही.

निवडलेल्या वस्तू टेबलाच्या मापाची जागा घरातच आखून मांडून पाहाव्यात आणि चार पावले मागे उभे राहावे. वस्तू कशासाठी आहे हे तिथून कळले नाही, तर चष्म्याच्या पाकिटात चष्मा आणि कव्हरमध्ये वही घालून ठेवावी. प्रत्येक नगावर कापडाचा प्रकार, धुण्याची रीत आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी असावी. मेळ्याला आठवडा उरला की नवा प्रकार सुरू करणे थांबवावे. ते दिवस उसवलेली टीप दुरुस्त करण्यासाठी, इस्त्रीसाठी आणि प्रत्येक नग आतून-बाहेरून उलटून तपासण्यासाठी राखून ठेवावेत, आणि या तपासणीत मनाला न पटलेला नग पेटीत भरू नये.