पावसाळ्यातली आकडेवारी हवी, तर प्रस्ताव कधी पाठवावा?

ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयातून गणितीय जीवशास्त्रातल्या संशोधनासाठी अनुदानाचा प्रस्ताव पाठवताना महिन्यांचा हिशेब उलटा मांडा. शेवटची तारीख नंतर बघा. आधी मॉडेलला, म्हणजे रोगाचं वर्तन मांडणाऱ्या समीकरणांना, लागणारी आकडेवारी कधी हाती येते ते ठरवा. डेंग्यू-मलेरियाचं मॉडेल असेल तर पाऊस जूनमध्ये सुरू होतो, म्हणजे प्रकल्प सहायक मेअखेर रुजू व्हायला हवा. जाहिरात आणि मुलाखतीला दोन महिने, मंजुरीनंतर पैसे जमा व्हायला दोन, छाननीला सहा ते नऊ महिने धरा. म्हणजे प्रस्ताव आदल्या वर्षी एप्रिल ते जुलैमध्येच गेला पाहिजे. मोसम हुकला की एक अख्खं वर्ष जातं.

निव्वळ सिद्धान्ताचं काम असेल तर मोसमाची अट नाही. त्यासाठी मॅट्रिक्स ही गणितातल्या संशोधनाला अनुदान देणारी केंद्राची योजना किंवा राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या योजना बघा. मॅट्रिक्स पूर्वी एसईआरबीकडे (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे) होती. २०२३च्या कायद्यानंतर ती एएनआरएफकडे (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे) आली, त्यामुळे जुन्या साइटवरची माहिती धरून बसू नका.

रुग्णांच्या नोंदी वापरणार असाल, समजा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांसोबत ट्यूमरच्या वाढीचं समीकरण बसवायचं असेल, तर नैतिकता समितीचा अर्ज प्रस्तावाच्या किमान चार महिने आधी द्या. समितीची बैठक रोज होत नाही, आणि पहिल्या बैठकीत शंका निघतातच. उत्तर दिलं की फाइल पुढच्या बैठकीपर्यंत थांबते.

खरा वेळ मात्र आपल्याच कार्यालयात जातो. प्राचार्यांच्या सहीचं संमतिपत्र तीन आठवडे आधी टेबलावर ठेवा. शेवटची तारीख गणपतीच्या आसपास असेल तर पाच आठवडे, कारण निम्मं कार्यालय कोकणात गेलेलं असतं. शीर्षक पक्कं झाल्याशिवाय सही घेऊ नका. पत्रावर ‘डेंग्यूचा प्रसार’ आणि पोर्टलवर ‘डेंग्यूच्या प्रसाराचं मॉडेल’ एवढा फरकही प्रस्ताव परत यायला पुरतो. शिक्का स्कॅनमध्ये वाचता येतो का, तेही बघा.

शेवटच्या दिवशी पोर्टल अडकतं, म्हणून दोन दिवस आधी अपलोड करा. मग पोर्टलवरूनच पीडीएफ उतरवून दुसऱ्या संगणकावर उघडा. फॉन्ट जोडलेला नसेल तर संसर्गदराचा बीटा आणि बरं होण्याच्या दराचा गॅमा यांच्या जागी चौकोन दिसतात, आणि परीक्षकाला समीकरणच वाचता येत नाही.