जुन्या आयर्लंडचा कायदा गावात सांगायचा असेल तर

यवतमाळकडच्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळते. संध्याकाळी तिथं बाया-माणसं बसतात, तेव्हा दूरदेशीच्या गोष्टी सांगते. आयर्लंडची सांगायची झाली तर राजे आणि देव सुरुवातीला आणू नका, ढोरांपासून सुरू करा. सातव्या-आठव्या शतकातल्या त्या समाजाकडं स्वतःची नाणी नव्हती. दंड, कर्ज, माणसाची पत, सगळं दुभत्या गाईच्या हिशोबानं चाले.

आधी खटला मांडा, निकाल मात्र रोखून धरा. तारा नावाच्या टेकडीवर राजा लुगिद मॅक कॉन बसलेला. कोणाच्या तरी मेंढ्यांनी राणीच्या बागेतली वोडची झुडपं खाऊन टाकली. या झुडपाच्या पानांपासून निळा रंग काढतात. आता विचारा, मेंढीवाल्यानं काय द्यायचं?

घाई करू नका, लोकांना भांडू द्या. ज्याच्या वावरात धुऱ्यावरून बकऱ्या शिरल्या असतील तो म्हणेल, कोंडवाड्यात टाका. आमच्याकडं एक म्हातारे म्हणाले, "खाल्लं त पाला न? मुळी त हाये!" असं कोणी बोललं की पुढं सांगा. राजानं निकाल दिला, मेंढ्या जप्त. तिथं असलेला पोरगा कॉर्मॅक म्हणाला, नाही, झुडपांच्या कापणीबदली मेंढ्यांची एका वेळची कातरलेली लोकर घ्या. पाला पुन्हा फुटेल, लोकरही पुन्हा येईल. खोटा निकाल दिलेल्या घराची एक बाजू तिथंच खचली. पुढं वर्षभर गवत उगवलं नाही, झाडाला पान आलं नाही, कणसात दाणा भरला नाही. शेवटी लोकांनी लुगिदला हाकलून दिलं. राजानं न्याय सोडला की शिवार सुकतं, ही त्या लोकांची पक्की समजूत होती. पुराणकथा आणि कायदा वेगळे काढून सांगू नका, ते एकाच दाव्याला बांधलेले आहेत.

मग कायद्याचा कोरडा भाग थोडक्यात घ्या. न्याय सांगणाऱ्याला ब्रेहन म्हणत. ‘शेनखस मार’ या मोठ्या संग्रहात शेजाऱ्यांच्या हद्दी, कुंपणं, ढोरांची घुसखोरी, मधमाश्या यांवर वेगवेगळे ग्रंथ आहेत. मधमाश्यांचा भाग संत्र्याच्या बागा असलेल्या गावात जरूर सांगा. माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरतात, म्हणून पोळ्यांच्या उत्पन्नात त्याचाही वाटा धरलेला आहे.

वसुलीचं सांगताना नीट फरक करा. साध्या कर्जदाराला आधी सूचना, मग मुदत, आणि मग सावकार स्वतः त्याची ढोरं हाकून नेई. कर्जदार मोठ्या पदाचा असेल तर आधी त्याच्या दारात उपाशी बसावं लागे. अशा उपोषणाला न जुमानणाऱ्याचं देणं देवही देणार नाही, माणूसही देणार नाही, असं कायद्यात लिहिलं आहे.

ही व्यवस्था समतेची होती असं मात्र कोणाला वाटू देऊ नका. प्रत्येक माणसाला मानाची किंमत होती, म्हणजे त्याचा अपमान केला तर द्यावी लागणारी भरपाई. गाईवाल्या शेतकऱ्याची पाच सेट, छोट्या राज्याच्या राजाची सात कुमल. सेट म्हणजे साधारण अर्धी दुभती गाय, कुमल म्हणजे तीन गाई. आणि कुमलचा मूळ अर्थ दासी. बाईला चलन करून मोजलं जात होतं, हे न चुकता सांगा. मी इथं मुद्दाम थांबते, बायांना बोलू देते.

त्याच बायांना दुसरी बाजूही ऐकवा. नवऱ्यानं मारून व्रण उठवला, किंवा अंथरुणातल्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या, तर बायको त्याला सोडू शके. वाटणीत तिच्या कष्टाचा हिशोब होई. लोकरीवर जितकं काम झालेलं, तितका तिचा हिस्सा वाढे, विणलेल्या कापडात तो निम्मा असे. कापूस वेचणाऱ्या बायांना हा हिशोब समजावावा लागत नाही.

आयर्लंडच्या जुन्या कथेतल्या राणी मेव्हची गोष्ट दुसऱ्या बैठकीला ठेवा. ती आणि नवरा ऐलिल रात्री अंथरुणात आपापली मालमत्ता मोजायला बसतात. भांडी, दागिने, मेंढ्या, घोडे, सगळं समसमान निघतं. फक्त त्याच्याकडं एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त असतो, म्हणून ती अल्स्टर प्रांतातल्या कूली या भागातल्या तपकिरी बैलासाठी फौज काढते. सगळी लढाई एका बैठकीत उरकू नका. आधी विचारा, मालमत्ता बरोबरीची करायला तिला एवढं का पेटावं लागलं? बायांचं उत्तर आलं की मग तिच्या फौजेला अडवणाऱ्या अल्स्टरच्या वीराला, कू खुल्लिनला, मैदानात आणा.