होस्टेलला नवीन आहात? रूमच्या बाहेर असं पडा

ॲडमिशन झाली, गादी-बादली-कुलूप घेऊन झालं, घरचे परत गेले आणि आता संध्याकाळी सात ते अकरा करायचं काय? मोबाइल घेऊन कॉटवर लोळणं सगळ्यात सोपं, पण पहिले दोन-तीन आठवडे तेवढं टाळा, कारण ग्रुप याच दिवसांत जमतात, नंतर जमत नाही असं नाही पण जरा जड जातं.

सुरुवात रूमच्या दारापासून. अभ्यास चालू नसेल तेव्हा दार उघडं ठेवा, कोणी चार्जर मागायला डोकावतं, कोणी इस्त्री, झाली ओळख. मेसमध्ये ताट घेऊन कोपरा गाठू नका, "इथे कोणी बसलंय का" विचारायचं आणि बसायचं, पुढचं बोलणं मेसची भाजीच सुरू करून देते (तिला नावं ठेवण्यात सगळ्या ब्रँचेसचं एकमत असतं).

मग कॉमन रूम. जेवणानंतर कॅरमभोवती गर्दी असते, तिथे गेल्या गेल्या खेळायला मिळेल ही अपेक्षा नको, "पुढच्या बोर्डला मी" म्हणून नंबर लावायचा. बऱ्याच ठिकाणी हरलेली जोडी उठते आणि नवीन बसते. तोवर उभं राहून बघा, कारण राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घालून कव्हर द्यायचं एवढं सगळीकडे सेम, पण अंगठ्याने मारलेलं चालतं का आणि राणीचे पॉइंट तीन की पाच यावरून प्रत्येक होस्टेलात वेगळी भांडणं. खेळता येत नसेल तर सरळ सांगा, कोणीतरी पार्टनर म्हणून घेतंच. आणि पावडर संपत आली की न बोलता एक डबा आणून ठेवा, पावडर आणणारा माणूस कोणी विसरत नाही.

आता माझं खरं म्हणणं. अंगात कला असलीच पाहिजे असं काही नाही, काम मागा. होस्टेलचा गणपती असेल तर वर्गणीचं पावतीपुस्तक हातात घ्या, रूम टू रूम फिरताना दोन संध्याकाळींत अख्खी बिल्डिंग ओळखीची होते आणि कोण पैसे बुडवणार तेही कळतं. पुस्तकात कोणाकडून किती आले ते तिथल्या तिथे लिहा आणि हिशोब रोजच्या रोज ठेवा, शेवटच्या दिवशी पन्नास रुपये जुळले नाहीत तर फार कटकट होते. रात्री दहानंतर स्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे रेक्टर ओरडले तर वाद घालू नका.

पुण्यात असाल तर ऑगस्टच्या आसपास पुरुषोत्तम करंडकाची हवा असते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, प्राथमिक फेरी भरत नाट्य मंदिरात होते. ॲक्टिंगला सिलेक्ट झाला नाहीत तर बॅकस्टेज मागा. सेट लावणं-उचलणं, प्रॉपर्टी (म्हणजे नाटकातलं सामान) जागेवर ठेवणं, म्युझिक ऑपरेट करणं याला माणसं कायम कमी पडतात, आणि दोन तालमींनंतर चहाचे पैसे कोण देणार या वादात तुम्हीही असता. मुलींच्या होस्टेलला गेटची वेळ असते, म्हणून तालमीचं पत्र कॉलेजकडून आधीच घेऊन रेक्टरच्या हातात द्या, रात्री गेटवर वॉचमनकाकांना पटवत बसायची वेळ येऊ देऊ नका. सीओईपीला (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) असाल तर बोट क्लब आहेच, 1928 पासूनचा, पोहता येत नसेल तर आधी ते शिका.

ग्रुपबरोबरचा एखादा खर्च झेपत नसेल तर "या वेळी नाही जमणार" एवढं पुरे, कारण सांगत बसायची गरज नाही.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. "इंट्रो दे", "नाचून दाखव" ही मजा नाही, जबरदस्ती असेल तर ते रॅगिंगच. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 चा कायदा आहे आणि देशभरची हेल्पलाइन 1800-180-5522, नंबर आजच सेव्ह करा.

बाकी सुरुवातीला सगळीकडे नाव देऊ नका, एक खेळ आणि एक काम भरपूर झालं, सबमिशनं आली की तेही जास्त वाटतं. मिडसेम परीक्षेमुळे तालमीला यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच ग्रुपवर टाका, ऐन वेळी फोन स्विच ऑफ करून बसलात तर पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही.