घरातल्या सरळ जिन्याला स्टेअरलिफ्ट बसवायची असेल तर काय काय बघायचं

आमचं नाशिकला रो हाऊस आहे, खाली हॉल-किचन आणि दोन्ही बेडरूम वर. आईचे गुडघे गेल्यापासून ती जिना रेलिंगकडे तोंड करून आडवी चढायची, दोन्ही हातांनी रेलिंग घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि मागे कोणीतरी उभं लागायचंच. दोन वर्षं अशी काढली आणि मग स्टेअरलिफ्ट बसवली, म्हणजे जिन्याच्या कडेने एक रूळ आणि त्याच्यावरून वरखाली जाणारी खुर्ची. घ्यायच्या आधी तीन महिने आम्ही नुसती चौकशीच करत होतो, त्यात जे कळलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी तुमचा जिना खरंच सरळ आहे का ते बघा. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एका रेषेत, मधे सपाट चौक नाही आणि कुठे वळण नाही, तोच सरळ. कितीतरी घरांत खालच्या दोन-तीन पायऱ्या कोपऱ्यात पंख्यासारख्या तिरक्या काढलेल्या असतात, आपल्या डोळ्याला तो जिना सरळच वाटतो पण रुळाच्या हिशोबाने तो वळणाचा झाला. वळणाचा रूळ त्या एका जिन्याच्या मापानेच बनवून घ्यावा लागतो, त्यामुळे किंमत एकदम वर जाते, थांबावं लागतं, आणि उद्या घर बदललं तर तो दुसरीकडे बसत नाही. सरळ रूळ मात्र लांबीला कापून बसवतात, काम सहसा एका दिवसात होतं. मधे चौक असेल तर दोन टप्प्यांना दोन सरळ खुर्च्या असाही मार्ग आहे, पण मग चौकात एकीवरून उठून दुसरीवर बसावं लागतं, त्या माणसाचा तोल चांगला असेल तरच या भानगडीत पडा.

आता मापं. रूळ भिंतीला लागतो असं आम्हाला वाटत होतं आणि आमची भिंत चार इंची विटेची म्हणून उगाच काळजी करत बसलो होतो. रूळ पायऱ्यांना लागतो, छोट्या पायांवर, सगळा भार पायऱ्यांवर. म्हणून पायऱ्या तपासा. ग्रॅनाइट किंवा कडाप्पा लावलेला असेल तर प्रत्येक पायरीवर नाण्याने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही, तिथे ड्रिल मारलं की फरशी तडकणार. आमच्या दोन पायऱ्या तशा निघाल्या, गवंडी बोलावून त्या आधी नीट करून घेतल्या.

रुंदी मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका, सगळ्यात अरुंद जागी रेलिंगच्या आतून मोजा. साधारण २८ ते ३० इंच तरी मोकळे हवेत, आणि खुर्ची घडी केल्यावरसुद्धा १४-१५ इंच जागा घेते, बाकीच्यांना उरलेल्या जागेतून जायचंय हे लक्षात ठेवा. डोक्यावर बीम असेल तर तेही बघा. खाली रूळ शेवटच्या पायरीच्या पुढे जमिनीवर थोडा येतो, तिथे दार असेल, आमच्याकडे बाथरूमचं होतं, तर खालचा तुकडा वर दुमडणारा रूळ मिळतो, त्याचे पैसे जास्त पण येता-जाता ठेच लागण्यापेक्षा ते बरं.

पण जिना मोजून अर्धंच काम होतं, माणूस पण मोजायला लागतो आणि हेच कोणी करत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा जो विक्रेता आला त्याने दहा मिनिटांत पायऱ्या मोजल्या, फोटो काढले, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन टाकलं, आई समोर बसलेली होती तिला एक प्रश्न नाही विचारला. दुसऱ्यांच्या शोरूमला आम्ही तिला घेऊन गेलो, ती खुर्चीवर बसली आणि लगेच म्हणाली, "अगं, पाय लटकतायत माझे." आई चार फूट दहा इंच, तिचे पाय पायटेकाला पोचतच नव्हते आणि पाय टेकत नसतील तर उठताना सगळा जोर दुखऱ्या गुडघ्यांवरच येतो. त्या खुर्चीची उंची कमी करता येत होती, सगळ्यांची येत नाही. म्हणून घरून दोन मापं घेऊन जा, गुडघ्यामागच्या खाचेपासून टाचेपर्यंत एक, आणि बसल्यावर पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत दुसरं. हे दुसरं माप अरुंद जिन्यात फार कामाचं, माणूस जिन्याला आडवा बसून जातो ना, गुडघे समोरच्या रेलिंगला घासायला नकोत. गुडघा अजिबातच वाकत नसेल तर अर्धवट टेकून उभं राहायचं मॉडेलही असतं, पण त्याला पायात ताकद आणि तोल दोन्ही हवं.

आई पाचवारी नेसते. तुमच्याकडेही साडी असेल तर ट्रायल साडी नेसूनच घ्या, ड्रेसवर नाही. बसल्यावर निऱ्या पायटेकाच्या पुढे कुठपर्यंत येतात, पदर रुळाच्या बाजूला पडतो का, आणि रुळाचे दाते, ज्यांना धरून खुर्ची सरकते ते, उघडे आहेत की झाकलेले, हे सगळं तेव्हाच दिसतं. आम्ही दाते आतल्या बाजूला लपलेला रूळ घेतला. पदर मात्र पुढे घेऊन मांडीवर, मग पट्टा, मग बटण, ही सवय आईला पहिल्या दिवसापासून लावली.

वर पोचल्यावर उतरायची जागा, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. खुर्ची वरच्या टोकाला फिरली पाहिजे आणि फिरून लॉक झाली पाहिजे, म्हणजे माणूस सपाट जागेवर पाय ठेवून उठतो आणि जिना पाठीमागे राहतो. फिरत नसेल तर घेऊच नका. ती हाताने लिव्हर दाबून फिरते की मोटरने तेही विचारा, ज्यांच्या हातात जोर नाही त्यांना मोटरची बरी. पॅरालिसिस होऊन गेला असेल तर कंट्रोल चांगल्या हाताच्या बाजूला हवा, शक्यतो नुसतं ढकलून चालणारा, बारीक बटण नको.

लाइट गेली तर काय, हे सगळे विचारतात. बहुतेक खुर्च्या २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि टोकाला थांबल्या की चार्ज होतात, त्यामुळे लाइट नसताना काही फेऱ्या आरामात होतात. पण चार्जरचा स्विच कायम चालू लागतो. आपल्याला गावाला जाताना सगळी बटणं बंद करायची सवय, तेवढं हे एक सोडून. त्यासाठी वेगळा प्लग पॉइंट, अर्थिंग नीट असलेला, आधीच काढून घ्या. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिची किंमत आणि एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारात, ती धरली आहे का हे लिहून घ्या. मेकॅनिक तुमच्या शहरात आहे का तेही, कारण खुर्ची जिन्याच्या मधेच अडली तर दुसऱ्या दिवशी मुंबईहून माणूस येऊन उपयोग नाही.

वेग फार नसतो, युरोपियन स्टँडर्डप्रमाणे सेकंदाला १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालतच नाही, म्हणजे १५ पायऱ्यांना अर्ध्या मिनिटाच्या वर लागतं. हळू आहे म्हणून नावं ठेवू नका, तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

ज्यांना आधाराशिवाय बसता येत नाही किंवा स्मृतिभ्रंशामुळे मधेच उठायचा धोका आहे त्यांच्यासाठी ही वस्तू नाही, आणि व्हीलचेअरवरून स्वतः सरकून बसता येत नसेल तर व्हीलचेअरसकट नेणारी प्लॅटफॉर्म लिफ्ट बघावी लागेल. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर पलंग खाली आणा, एवढा खर्च नको. वॉकर लागत असेल तर दोन घ्या, एक खाली एक वर.

बसवून झाल्यावर शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. पायरीवर एक चप्पल पायटेकाच्या वाटेत येईल अशी ठेवा आणि रिकामी खुर्ची खाली आणा, पायटेक चपलेला लागताच थांबली पाहिजे. हेच वर जाताना करा. रिमोटने वरून खाली आणि खालून वर बोलवून बघा. मेन स्विच बंद करून एक फेरी मारा. मग घरातल्या माणसाला बसवून त्याच्या हाताने चार-पाच फेऱ्या होऊ द्या, त्यांचा माणूस तिथे असतानाच. आईने पाच फेऱ्या मारल्या, सहाव्यांदा ती आपणहून वर गेली आणि कपाट लावत बसली.